उजवीकडचा खिसा

“ताई, ते पुसता येत नाही,” पडदाकाका पुन्हा म्हणाले.

समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. उद्याच हवं म्हणून गिऱ्हाईक हटून बसलं की शिवणारी बाई त्याचं नुसतं ऐकून घेते, तशी ती मान हलली. त्या शिवणकामच करत. मांडीवरच्या कापडी पिशवीचे बंद त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

“तुम्हीच घातलंय ना ते त्याच्या तोंडावर?”

“हो, मीच.”

“मग तुम्हालाच काढता येईल, भाऊ. मी घातलेली शिवण मी उसवते की. कापडाला काही होत नाही.”

खोली लहान होती आणि तिला खिडकी नव्हती. टेबलावर दोन पडदे शेजारी शेजारी, खाली एक यंत्र घरघरत असलेलं, आणि त्या यंत्रासाठी खोली इतकी गार ठेवलेली की काका बारा महिने स्वेटर घालून बसत. बाईंनी पदर अंगभर घेतला होता.

बातम्यांच्या त्या कचेरीत काकांचं काम एकच, चेहरे झाकायचं. लहान मुलं, अन्याय झालेल्या बायका, जीव मुठीत धरून बोलणारे साक्षीदार, रस्त्यावर पडलेलं एखादं माणूस, यांचे चेहरे लोकांना दिसता कामा नयेत. काका त्यांच्यावर अंडाकृती आकार ओढत, तो चेहऱ्याबरोबर सरकेल असा बांधत आणि आतलं चित्र विरघळवून टाकत. त्याला सगळे ब्लर म्हणत, म्हणून काकांना कुणी ब्लरवाले म्हणायचं, पण टिकलं ते पडदाकाका. साहेब आले आणि कुणी जागेवर नसलं की पोरं म्हणत, काका, त्याच्या खुर्चीवर पडदा टाका. घरी बायको विचारायची, आज किती जणांची तोंडं काळी करून आलात?

त्याआधी काका लग्नांची चित्रणं जोडत. तिथे आपण दिसलोच नाही म्हणून मावश्या-आत्या रुसून बसायच्या. इथे उलट. इथे कुणी दिसलं की काकांची चूक.

बाई दोन दिवस कचेरीच्या पायरीवर बसून होत्या. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, पण हाकललंही नाही. आज काका चहाला बाहेर पडले तेव्हा त्यानेच बोट दाखवलं होतं. “मावशी, तोंडं झाकणारे ते हेच.” आणि बाई उठून सरळ काकांच्या मागे चालायला लागल्या होत्या.

त्यांचं म्हणणं असं होतं. त्यांचा एकुलता मुलगा एका मुकादमाबरोबर कामाला म्हणून गेला. सुरुवातीला फोन यायचे. मग कमी झाले, मग थांबले. मुकादमाचा नंबर लागेना. चौकीत गेल्या तर तिथले म्हणाले, पोरगा सज्ञान आहे, येईल मनात आलं की. त्याला काही वर्षं झाली. आणि मागच्या महिन्यात मुलीच्या फोनवर या कचेरीची एक बातमी आली. लांबच्या एका खडी फोडायच्या कारखान्याची. तिथे कामगारांना कोंडून ठेवतात, बाहेर जाऊ देत नाहीत, असं सांगणारा एक तरुण उलट्या बादलीवर बसला होता. चेहरा झाकलेला, आवाज बदललेला. निळ्या चौकड्यांचा शर्ट.

“तो माझा डाव्या आहे,” बाई म्हणाल्या. डावखुरा म्हणून लहानपणापासून घरीदारी सगळे त्याला डाव्याच म्हणत.

काकांना ती बातमी आठवत होती. चेहरा त्यांनी काम करताना पाहिला असणार, पण ते चेहरे लक्षात ठेवत नसत. इतके चेहरे डोक्यात घेऊन माणसाला घरी जेवण गेलं नसतं. ज्या वार्ताहराने तो माणूस शोधला होता तो नोकरी सोडून गेला होता. आणि अशा साक्षीदाराचं मूळ चित्रण कचेरी ठेवत नसे. पडदा टाकून झाला की मूळ पुसायचं, तसा शब्दच दिलेला असायचा. पुसणारेही काकाच. हे सगळं त्यांनी बाईंना दोनदा समजावून सांगितलं होतं. त्या पुन्हा शिवण उसवण्यावर येत होत्या.

शेवटी काकांनी विचारलं, मुलाचा फोटो आहे का. बाईंनी ब्लाउजमधून लहानसं पाकीट काढलं, त्यातून प्लास्टिकमध्ये घातलेला फोटो काढला. काकांनी आपल्या फोनने त्याचा फोटो घेतला आणि मोठ्या पडद्यावर आणला. विशीचा मुलगा, कपाळावर केस आलेले, हसू आवरून धरलेलं. बाई पुढे सरकल्या. त्याला एवढा मोठा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“आता बघा,” काका म्हणाले. त्यांनी चेहऱ्यावर आकार ओढला, विरघळवला आणि साठवून बंद केलं. मग तेच पुन्हा उघडलं. “आता हे मला परत आणता येत नाही. शिवण वेगळी, ताई. हे दळल्यासारखं आहे. शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळून जातात. कुठला कण कुठला होता ते मग कुणालाच सांगता येत नाही.”

बाई त्या विटकरी डागाकडे बघत राहिल्या आणि एकदम त्यांनी टेबलावरचा आपला फोटो झडप घालून उचलला. उलटसुलट करून पाहिला. त्यावरचा मुलगा जागेवर होता. त्यांनी तो पदराने पुसला आणि पाकिटात घालून पाकीट ब्लाउजमध्ये ठेवलं. आपण हे करायला नको होतं असं काकांना वाटलं.

पाकीट नीट बसलंय हे चाचपून बाई म्हणाल्या की ठीक आहे, चेहरा नसला तरी चालेल. चेहरा हवा होता तो तिथल्या लोकांना दाखवायला. त्या परवाच्या गाडीने त्या खडीच्या कारखान्याकडे निघणार होत्या. शिलाई मशीन शेजारणीकडे ठेवून झालं होतं. तिथे दारोदार विचारायचं, गेटवर बसायचं, आत कोण कोण आहे ते हुडकायचं. मुलगी नको म्हणत होती. म्हणत होती, आई, तो कुणीही असेल. पण त्यांना खात्री होती.

“कशावरून, ताई?” काकांनी विचारलं. “चेहरा नाही, आवाज नाही.”

“खिशावरून.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“सगळ्यांच्या शर्टाला खिसा डावीकडे असतो,” बाई म्हणाल्या. “डाव्याला डाव्या हातानं डावीकडच्या खिशात घालता-काढता यायचं नाही. शाळेत पेन काढताना कोपर शेजारच्या पोराला लागायचं, त्यावरून मारामाऱ्या. मग मी त्याच्या शर्टांना खिसा उजवीकडे लावायला लागले. दुकानात असला शर्ट मिळत नाही. माझ्याशिवाय कुणी शिवत नाही. त्या चित्रात बघा, खिसा उजवीकडे आहे. आणि बोलताना थांबला की डाव्या हातानं कानामागं खाजवतो. डाव्याच तो.”

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते काकांना बघवेना. ते पडद्याकडे वळले. तिथे अजून तो डाग होता. त्यांनी तो बंद केला.

काकांच्या हातांनी काय केलं होतं ते त्यांनाच ठाऊक. पूर्वी दुसऱ्या एका कचेरीत असताना त्यांनी एका परिचारिकेचा चेहरा झाकला होता. इस्पितळातला गैरकारभार तिने सांगितला होता. पडदा कुठेही सरकला नव्हता, एक केससुद्धा दिसत नव्हता. पण बोलता बोलता तिने कागदावर काहीतरी लिहिलं, ते डाव्या हाताने. एवढ्यावरून वरच्यांनी तिला ओळखलं. तिचं पुढे काय झालं ते काकांनी एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून चौकटीत पाटी नसली, घड्याळ नसलं, कुठलं अक्षर नसलं, की काका चेहरा झाकून झाल्यावर आणखी एक गोष्ट करत. सगळं चित्रच आरशातल्यासारखं उलटं करत. उजवा हात डावा व्हायचा, गालावरचा तीळ या बाजूचा त्या बाजूला जायचा. हे ते कुणाला सांगत नसत. विचारलं असतं तर साहेबांनी नाही म्हटलं असतं.

खडीच्या कारखान्यातल्या त्या तरुणाच्या मागे नुसती पत्र्याची भिंत होती. एकही अक्षर नव्हतं. काकांनी ते चित्र उलटं केलं होतं. म्हणजे त्याचा खिसा सगळ्यांसारखा डावीकडे होता आणि कानामागे खाजवणारा हात उजवा होता.

“उद्या या,” काका म्हणाले. “मी बघून ठेवतो.”

काय बघून ठेवणार हे बाईंनी विचारलं नाही. कुणीतरी बघून ठेवतो म्हणालं, एवढंच त्यांना पुरलं. जाताना त्यांनी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.

संध्याकाळी घरी काकांची बायको मुलीशी फोनवर बोलत होती. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. रोज फोन झाला तरी बायकोची तक्रार एकच, फोन जरा वर धर, नुसतं कपाळ दिसतंय. मुलगी पलीकडून वैतागून म्हणाली, आई, मी भाजी चिरतेय, तुला माझं तोंड कशाला हवंय? बायको म्हणाली, बघू दे. तेवढं बोलून फोन ठेवला.

काकांनी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की चित्र उलटं करण्याची गोष्ट त्यांनी आजवर तिलाही सांगितली नव्हती. ती म्हणाली, “एवढी वर्षं घरात तर काही लपवता येत नाही तुम्हाला, आणि हे कसं लपवलंत?” पण ती हसली नाही.

मग ती बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत बसली. काकांचं म्हणणं होतं की सांगितलं नाही तर ती बाई तिकडे जाईल. गेटवर बसेल, निळ्या चौकड्यांच्या शर्टाचा मुलगा कोण म्हणून विचारेल. चित्रात बोलला तो कोण, हे तिथल्या मालकाला तिच्यामुळे कळेल. तो मुलगा ज्याचा कुणाचा आहे त्याचा जीव जाईल. आणि हिला तरी तिथे कोण सोडणार आहे?

“आणि सांगितलं तर?” बायकोने विचारलं.

काकांनी स्वेटर काढून खुंटीला लावला.

“सांगायला तर लागेलच,” बायको म्हणाली. “पण मी म्हणून सांगते, माझ्याच्यानं झालं नसतं. मी तिला दारातनंच परत पाठवलं असतं, साहेब नाहीत म्हणून. आणि मग जन्मभर स्वतःला शिव्या दिल्या असत्या.” तेलाच्या बाटलीचं झाकण लावत ती उठली. “जेवून घ्या. उपाशी पोटी असलं काही बोलता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी बाई वेळेआधी आल्या. आज पहारेकऱ्याने स्वतःच आत आणून सोडलं. त्यांनी केस नीट विंचरले होते. खुर्चीत बसल्या बसल्या पिशवीतून एक शर्ट काढून टेबलावर ठेवला. नवा, निळ्या चौकड्यांचा, घडी घातलेला. उजवीकडे खिसा. आधीचा आता विरला असेल, त्या म्हणाल्या, खडीच्या धुळीत कापड टिकत नाही. भेटला की अंगावरचा काढून हा घालायला लावणार होत्या. मापं जुनीच धरली होती, फक्त छातीत थोडं सैल सोडलं होतं. आता भरला असेल. किंवा वाळलाही असेल, पण सैल शर्ट दोघांनाही चालतो.

काकांनी रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. त्यांतलं पहिलं वाक्य होतं, ताई, माझं एक ऐका. ते त्यांनी म्हटलं. बाईंनी हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले आणि ऐकायला बसल्या. पुढचं वाक्य काकांना सापडेना. शर्ट त्यांच्या समोर होता. खिशावरच्या चौकड्या शर्टाच्या चौकड्यांशी अशा जुळवल्या होत्या की खिसा आहे हे शोधावं लागावं.

“आधी एकदा मोठं करून दाखवा,” बाईच म्हणाल्या. “फोनवर बोटाएवढा दिसतो. तुमच्या या पडद्यावर डोळे भरून बघते. मग सांगा काय ते.”

नको म्हणायला काकांकडे काही कारण नव्हतं. नको म्हणायची हिंमतही नव्हती. त्यांनी बातमी लावली.

पत्र्याची भिंत, उलटी बादली, त्यावर माणूस. चेहऱ्याच्या जागी मातकट ढग. तो मान हलवत होता तसा ढगही हलत होता. जाड केलेला आवाज सांगत होता की रात्री बाहेरून कडी लावतात. मध्येच तो थांबला आणि त्याचा हात कानामागे गेला.

बाईंचा श्वास काकांना ऐकू आला.

“थांबवा,” त्या म्हणाल्या. “इथं. आणि मोठं करा. शर्ट.”

काकांनी थांबवलं. शर्ट मोठा केला. त्या खुर्ची ओढून पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या तोंडावर निळा उजेड पडला. त्या चेहऱ्याच्या ढगाकडे बघतच नव्हत्या. कापड बघत होत्या. फोनवर त्यांनी हे चित्र कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण तिथे कापड दिसत नसे, नुसता निळा रंग दिसे. बोट पडद्याला न लावता त्या खिशाच्या कडेकडेने फिरवत गेल्या.

“चौकड्या जुळलेल्या नाहीत,” त्या म्हणाल्या.

काकांनी माऊसवरचा हात काढला.

“मी जुळवल्याशिवाय खिसा लावत नाही.” मग लगेच म्हणाल्या, “धुऊन धुऊन ओढला गेला असेल. खिशाचा तुकडा आडवा कापला असेल मी. कापड कमी पडलं असेल तेव्हा. कमी पडलंच होतं.” त्या स्वतःशी मान हलवत होत्या. “नाहीतर उसवला असेल आणि तिथल्याच कुणीतरी लावून दिला असेल. बाप्याच्या हातचा टाका तो, कशाला चौकड्या बघतो. जागा तीच आहे ना. जागा तर उजवीकडेच आहे.”

“ताई,” काका म्हणाले.

“थांबा हो जरा.”

त्यांचं बोट खिशावरून मध्ये आलं. शर्टाची मधली पट्टी वरच्या बाजूला ढगात गेली होती, पण पोटावरची खालची दोन बटणं स्वच्छ दिसत होती. तिथे बोट थांबलं. खाली गेलं, वर आलं. पुन्हा खाली गेलं.

त्या शाळेचे गणवेश शिवत. मुलांचे शर्ट, मुलींचे शर्ट, दरवर्षी ढिगांनी. मुलांच्या शर्टाला काजांची पट्टी डावीकडे, मुलींच्या उजवीकडे. नवी शिकाऊ बाई हाताखाली घेतली की पहिल्या दिवशी हेच शिकवायचं. चुकलं की गठ्ठ्याचा गठ्ठा परत.

“ही पट्टी उलटी आहे,” त्या म्हणाल्या.

यंत्र घरघरत होतं. बाहेरच्या खोलीत कुणीतरी कुणाला तरी मोठ्याने बातमीची वेळ सांगत होतं.

“खिसा मी मुद्दाम फिरवला होता. पट्टी नव्हती फिरवली. पट्टी कशाला फिरवीन.” त्यांनी टेबलावरचा नवा शर्ट उचलला, त्याची बटणं बघितली, पडद्यावरची बघितली. “मुलीचा शर्ट असेल का भाऊ हा? गरिबाला काय, मिळेल ते घालतो माणूस.” पण आवाजात आता जोर नव्हता. त्यांनी मान वळवून काकांकडे पाहिलं. काकांनी नजर चुकवली, ती त्यांनी चुकवायला नको होती.

“तुम्ही काही केलंय का ह्याला?”

“उलटं केलंय,” काका म्हणाले. “आरशात दिसतं तसं. त्याला कुणी ओळखू नये म्हणून.”

बाईंनी आपला उजवा हात आपल्या छातीवर उजव्या बाजूला ठेवला, जिथे खिसा असेल तिथे. तो उचलून डावीकडे ठेवला. पुन्हा उजवीकडे आणला. पाढा म्हणून बघावा तसं त्यांनी ते दोनदा केलं.

“म्हणजे खिसा…”

“डावीकडे.”

“आणि हात?”

“उजवा.”

“काल तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो, ताई.”

त्या ओरडतील, शिव्या देतील, कपाळ बडवून घेतील असं काकांना वाटलं होतं. तसं काही झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. बाईंनी शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. बाह्या आत, मग बाहेर. हातांना काम हवं होतं आणि दुसरं काही जवळ नव्हतं.

“मी महिनाभर बोलतेय ह्याच्याशी,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी मुलीचा फोन घ्यायचे, हे लावायचे आणि विचारायचे, जेवलास का. ती पोरगी माझ्यावर ओरडायची. आई, बॅटरी संपते म्हणायची.” त्या थांबल्या. “मग माझा कुठाय?”

काकांनी मान खाली घातली. दार ढकलून संपादकबाई डोकावल्या, शाळेच्या बसच्या अपघाताचं चित्रण आलंय, काका, मुलांचे चेहरे आहेत, लगेच हवंय म्हणाल्या. काका म्हणाले, जरा वेळाने. काका कधी जरा वेळाने म्हणत नसत. संपादकबाईंनी खुर्चीतल्या बाईंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि दार हळू लावून घेतलं.

पडद्यावर तो माणूस थांबलेलाच होता. हात कानामागे. बाईंनी आता पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याच्या ढगाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ह्याची आई असेल,” त्या म्हणाल्या.

“असेल.”

“तिनं हे बघितलं असेल?”

काका म्हणाले, सांगता येत नाही. बघितलं असलं तरी तिला तो ओळखू आला नसेल. त्यासाठीच तर उलटं केलं.

“तिला येणार नाही. पण दुसऱ्याला येईल.” त्या पुन्हा पडद्याजवळ गेल्या. “हे बघा. खिशाचा हा कोपरा उसवलाय. आणि त्याला पांढऱ्या दोऱ्यानं टाका घातलाय, निळ्या शर्टाला. असला टाका उलटा काय आणि सुलटा काय, जो रोज बघतो त्याच्या ध्यानात येतो. त्याच्या मुकादमानं हे असं मोठं करून बघितलं तर? मी बघितलंच की.”

काकांनी पाहिलं. निळ्या खिशाच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते. बातमी अजून कचेरीच्या पानावर होती. कुणालाही बघता येत होती. काकांनी इतक्यांदा ते चित्र तपासलं होतं, पण ते चेहरा बघत, हात बघत, अक्षरं बघत. खिसा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“झाका तो,” बाई म्हणाल्या.

“ताई, राहू द्या. तुम्ही गेल्यावर मी करतो.”

“आत्ता करा. माझ्यासमोर.”

काकांनी आकार ओढला. खिशाभोवती, थोडा मोठा, माणूस वाकला तरी कोपरा बाहेर येऊ नये इतका. बाईंनी सांगितलं, अजून खाली, तिथला टाका दिसतोय. त्यांनी अजून खाली घेतला. मग विरघळवायला सुरुवात केली. आधी पांढरा दोरा गेला. मग खिशाची कड शर्टाच्या कापडात मिसळली. चौकड्या फुगल्या, एकमेकींत शिरल्या, आणि शेवटी तिथे नुसता निळा रंग राहिला.

“पट्टीपण,” बाई म्हणाल्या.

काकांनी पट्टी झाकली. मग न सांगता सगळाच शर्ट झाकला. त्या माणसाचे हात आणि पाय राहिले, आणि त्याच्याखालची बादली.

यंत्राने ते सगळं शिजवून पक्कं करायला वेळ घेतला. पडद्याच्या तळाशी एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. काका म्हणाले, आता आपोआप होईल, तुम्ही थांबायची गरज नाही. पण बाई रेघ टोकाला पोचेपर्यंत उठल्या नाहीत. काकांनी जुनं चित्र काढून नवं पानावर चढवलं आणि त्यांना लावून दाखवलं. तो बोलत होता, रात्री बाहेरून कडी लावतात. मध्येच थांबून हात कानामागे नेत होता. बाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

त्या उठल्या. खुर्ची टेबलाखाली सरकवली. काका दारापर्यंत गेले. आणखी काय करता येईल, कुठे विचारता येईल असं काहीतरी ते बोलत राहिले, आणि ते बोलतच होते तोवर त्या बाहेर पोचल्याही.

पहारेकऱ्याने विचारलं, “झालं का मावशी काम?”

“झालं,” बाई म्हणाल्या.

पण त्या लगेच गेल्या नाहीत. दोन दिवस बसल्या होत्या त्याच पायरीवर बसल्या. पिशवीतून शर्ट काढून मांडीवर पसरला. आत घाईघाईत घातलेली घडी वाकडी बसली होती. त्यांनी तळहाताने कापड सारखं केलं, बाह्या मागे दुमडल्या, कॉलर उभी करून बोटांनी बसवली, आणि खिसा वर येईल अशी पुन्हा घडी घातली.